भिंतीवरची बुरशी कौन्सिलरकडे नेली तर पुढे काय होतं?

इंग्लंडमध्ये नव्यानं राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्या काही महिन्यांत कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, एक पाकीट येऊन पडतं. आत मतदार नोंदणीचा कागद असतो. आपण कुठले इथले मतदार, असं म्हणून तो बिलांच्या चळतीखाली जातो. खरं तर भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथं मत देता येतं, भारतीय पासपोर्ट आहे तसा ठेवून. कायम वास्तव्याची परवानगी मिळाली की कौन्सिलच्या निवडणुकीला उभंही राहता येतं. तेव्हा कौन्सिलर नावाचा माणूस नेमकं काय करतो, हे समजून घेणं आपल्याही कामाचं आहे.

‘आपला नगरसेवकच की’ हे उत्तर अर्धं बरोबर आहे. चार वर्षांसाठी निवडून येतो, वॉर्ड सांभाळतो, लोक त्याच्याकडे कचऱ्यापासून घरापर्यंतची गाऱ्हाणी घेऊन जातात, इथपर्यंत ठीक. पण ‘साहेब, एक फोन करा ना’ ही जी आपली पहिली अपेक्षा असते, तिथं तो तोकडा पडतो. त्याच्या फोनवर कुणाला घर मिळत नाही की कुणा अधिकाऱ्याची बदली होत नाही. त्याच्या हातात मुख्यतः असतो प्रश्न विचारण्याचा हक्क. ऐकायला हे बिनकामाचं वाटतं. माझं मत उलटं आहे: हा हक्क दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे आणि पुष्कळ कौन्सिलर तो निम्मासुद्धा वापरत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण धरून चालू. दोन मुलांची आई, कौन्सिलच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, धाकट्याला दमा. मुलांच्या खोलीतल्या भिंतीवर काळी बुरशी. दुरुस्ती विभागाला तीनदा फोन झाले. एकदा माणूस आला, बुरशीवर रंग मारून गेला, जाताना ‘खिडक्या उघड्या ठेवत जा’ असं सांगून गेला. थंडीत बुरशी पुन्हा उगवली. आता ही बाई कौन्सिलरच्या ‘सर्जरी’ला जाते.

या शब्दाला दचकू नका. डॉक्टरच्या दवाखान्याला जसं इथं सर्जरी म्हणतात, तसंच कौन्सिलर एखाद्या शनिवारी सकाळी लायब्ररीत टेबल टाकून बसतो, त्यालाही. अपॉइंटमेंट असो-नसो, बसायचं आणि सांगायचं. अनुभवी कौन्सिलर इथं पहिला प्रश्न विचारतो तो बुरशीचा नसतोच. ‘घरमालक कोण?’ हा असतो. कारण पुढचे सगळे रस्ते तिथून फुटतात.

घर कौन्सिलचं असेल तर मालक कौन्सिलच. हाउसिंग असोसिएशनचं असेल, म्हणजे कमी भाड्यानं घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेचं, तर कौन्सिलचा तिच्यावर थेट हुकूम चालत नाही. काही कौन्सिलांनी आपली सगळी घरं अशा संस्थांना देऊन टाकली आहेत. त्यांच्याकडे घरांसाठी रांग आहे, पण स्वतःचं एकही घर नाही. आणि घर खाजगी मालकाचं असेल, तर कौन्सिलचा पर्यावरण आरोग्य विभाग येऊन तपासणी करू शकतो, धोका गंभीर असेल तर मालकाला दुरुस्तीची नोटीस काढू शकतो. तीन वेगळे मालक, तीन वेगळी दारं. चुकीच्या दारावर चार महिने टकटक करत बसलेली माणसं कौन्सिलरला आठवड्याला भेटतात. योग्य दार दाखवणं हेही काम असतं, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

आपल्या बाईचं घर कौन्सिलचं आहे. मग कौन्सिलर तिची लेखी संमती घेतो, कारण तिची माहिती तिच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्यांकडून मागता येत नाही. पुढे हाउसिंग विभागाला ‘मेंबर्स इन्क्वायरी’ जाते. ही इन्क्वायरी म्हणजे निवडून आलेल्या सदस्यानं विचारलेला प्रश्न. तिला किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे बहुतेक कौन्सिलांनी ठरवून ठेवलेलं असतं. आदेश नसतो, पण फाईल वर येते आणि उत्तराखाली कुणाला तरी आपलं नाव घालावं लागतं.

इथं बाई साहजिकच म्हणते, ‘दुरुस्ती राहू द्या, दुसरं घरच द्या मिळवून.’ कौन्सिलरला नाही म्हणावं लागतं, आणि हे नाही कायद्याचं आहे. १९९७च्या एका नियमानुसार घर आपल्या वॉर्डात असेल किंवा अर्जदार आपल्या वॉर्डातला असेल, तर ते कुणाला द्यायचं या निर्णयात कौन्सिलरला भाग घेता येत नाही. तो अर्जदाराची बाजू मांडू शकतो, कागद पोचवू शकतो, रांगेत पुढं ढकलू शकत नाही.

मतं आणि घरं यांची गाठ पडली की काय होतं, हे लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं दाखवून ठेवलं आहे. १९८०च्या दशकात शर्ली पोर्टर तिथं नेत्या असताना आठ काठावरचे वॉर्ड निवडले गेले. तिथं कौन्सिलची घरं रिकामी झाली की भाड्यानं देण्याऐवजी विकायची. घर विकत घेणारा आपल्याला मत देण्याची शक्यता जास्त, असा हिशेब होता. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००१मध्ये धोरण बेकायदा असल्याचा निकाल कायम झाला आणि २००४मध्ये पोर्टरबाईंनी १ कोटी २३ लाख पौंड भरून प्रकरण मिटवलं.

घराची रांग मुळात एवढी लांब का, हेही सांगायला हवं. १९८०च्या कायद्यानं भाडेकरूंना राहतं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. त्यातून इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरं विकली गेली, आणि त्या मानानं नवी बांधली गेली नाहीत. आज रांगेत १३ लाखांहून जास्त कुटुंबं आहेत. मार्च २०२५अखेर सुमारे १ लाख ३१ हजार कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती. काही हॉटेलच्या एका खोलीत, काही स्वतःच्या गावापासून दूर, मुलांच्या शाळा मागे टाकून. मुलं असलेल्या कुटुंबाला सामाईक न्हाणीघराच्या बी-अँड-बीमध्ये, म्हणजे छोट्या लॉजमध्ये, सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे. तो किती वेळा मोडला जातो, हा कुठल्याही कौन्सिलरनं विचारण्यासारखा प्रश्न.

पुन्हा बुरशीकडे. इथं कायदा अलीकडे बदलला, आणि एका लहान मुलामुळे बदलला. उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२०मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा वारला. हाउसिंग असोसिएशनच्या फ्लॅटमध्ये बुरशी होती. वडिलांनी २०१७पासून सांगितलं होतं, त्यांनाही रंग मारायला सांगण्यात आलं होतं. सततच्या बुरशीमुळे श्वसनाचा गंभीर त्रास होऊन मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२मध्ये कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, नोंदवला. त्यानंतर आलेला ‘अवाबचा कायदा’ २७ ऑक्टोबर २०२५पासून कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशन दोघांनाही लागू झाला आहे. जिवाला धोका असेल तर २४ तासांत घर सुरक्षित करायचं. ओल-बुरशीचा मोठा धोका कळला की कामकाजाच्या १० दिवसांत तपासणी, त्यानंतर ३ दिवसांत भाडेकरूला लेखी निष्कर्ष, आणि धोका खरा निघाला तर तपासणीनंतर ५ दिवसांत घर सुरक्षित. वेळेत जमत नसेल तर कुटुंबाला दुसरीकडे ठेवायची जबाबदारी मालकाची.

म्हणजे आता बाईच्या तक्रारीला तारखा चिकटल्या. कौन्सिलरचं पत्र ‘कृपया लक्ष द्यावं’ असं राहत नाही. ‘अमुक तारखेला कळवलं, दहावा दिवस अमुक, तपासणी झाली का?’ असं होतं. दाद लागली नाहीच, तर तक्रारीचे दोन टप्पे पूर्ण करून ती हाउसिंग ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा घरमालकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाऊ शकते. पूर्वी तिथं लगेच जायचं तर कौन्सिलर किंवा खासदारामार्फत जावं लागे, नाहीतर आठ आठवडे थांबावं लागे. १ ऑक्टोबर २०२२पासून ती अट गेली. लोकप्रतिनिधीचं एक महत्त्व कमी झालं, आणि बरंच झालं.

इथवरचं काम कुठलाही कष्टाळू कौन्सिलर करतो. पण भिंत एकच दुरुस्त झाली. त्याच इमारतीत आणखी तीस भिंती तशाच असतील तर? इथं त्याचं दुसरं, कमी दिसणारं काम सुरू होतं. त्याला इथं ‘स्क्रुटिनी’ म्हणतात. मराठीत छाननी म्हटलं की अर्जांची छाननी डोळ्यांसमोर येते. ही छाननी निर्णयांची आणि निर्णय घेणाऱ्यांची.

२०००पूर्वी कौन्सिलचा कारभार समित्यांमधून चाले. प्रत्येक कौन्सिलर कुठल्या ना कुठल्या समितीत, त्यामुळे निर्णयात सगळ्यांचा थोडा हात. २०००च्या स्थानिक शासन कायद्यानं बहुतेक ठिकाणी हे मोडलं. एक नेता किंवा थेट निवडलेला महापौर, त्याच्यासह जास्तीत जास्त दहा जणांचं मंत्रिमंडळ, निर्णय त्यांचे. मग उरलेले चाळीस-पन्नास लोक करणार काय? कायद्यानं सांगितलं, तुम्ही त्यांना धारेवर धरा. मंत्रिमंडळात असलेल्याला स्क्रुटिनी समितीत बसता येत नाही. (शेफील्ड आणि ब्रिस्टलनं अलीकडे सार्वमत घेऊन पुन्हा समिती पद्धत आणली, तो वेगळा विषय. स्कॉटलंड-वेल्सचे नियमही निराळे.)

समितीनं बोलावलं की मंत्रिमंडळाचा सदस्य आणि कौन्सिलचा अधिकारी यांना यावंच लागतं. बाहेरच्यांना, म्हणजे हाउसिंग असोसिएशनला, बोलावता येतं पण सक्ती करता येत नाही. समितीच्या अहवालाला मंत्रिमंडळानं दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. आणि एक शस्त्र आहे ‘कॉल-इन’. मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, पण अंमल सुरू व्हायचा आहे, अशा मधल्या थोड्या दिवसांत ठरावीक संख्येचे कौन्सिलर तो अडवून समितीपुढे आणू शकतात. समिती म्हणू शकते, पुन्हा विचार करा. मंत्रिमंडळ पुन्हा विचार करून तोच निर्णय तसाच ठेवू शकतं, आणि बहुधा ठेवतंच. तरीही त्या संध्याकाळी कारणं उघड बोलावी लागतात आणि ती इतिवृत्तात राहतात.

एवढ्यावर हसणारे असतात. अधिकार नाही तर उपयोग काय? उपयोग प्रश्नाच्या प्रतीवर अवलंबून असतो. समजा, हाउसिंग विभागाच्या तक्त्यात लिहिलंय, शंभरपैकी पंच्याण्णव दुरुस्त्या वेळेत. हिरवा रंग, सगळे खूश. कच्चा कौन्सिलर विचारतो, ‘उरलेल्या पाचांचं काय?’ मुरलेला विचारतो, ‘दुरुस्ती पूर्ण झाली असं तुम्ही कधी धरता?’ माणूस आला, कुणी घरी नव्हतं, कार्ड टाकून गेला. हे काम बंद झालं का? रंग मारून गेला आणि तीन महिन्यांनी बुरशी परत आली, तर ती जुनी तक्रार की नवी? नवी असेल, तर आपल्या बाईच्या तीन फोनांची तुमच्या तक्त्यात तीन यशस्वी कामं झाली असतील. एकाच इमारतीतून किती तक्रारी आल्या, हे वेगळं काढता येतं का? येत नसेल तर का नाही?

हे प्रश्न विचारायला वॉर्डातली ती भिंत पाहिलेली असावी लागते. सर्जरी आणि स्क्रुटिनी ही दोन कामं लोक वेगळी समजतात, पण एकाशिवाय दुसरं लंगडं. नुसत्या तक्रारी धावत सोडवणारा कौन्सिलर दहा वर्षं तीच तक्रार सोडवत राहतो. नुसते तक्ते वाचणारा हिरवा रंग बघून मान डोलावतो.

तक्त्यात काय नाही, हे विचारणं तर आणखी अवघड. लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी या पालिका-विभागातल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, ७२ माणसं गेली. इमारत कौन्सिलची, व्यवस्था एका वेगळ्या व्यवस्थापन संस्थेकडे. चौकशीचा दुसरा अहवाल ४ सप्टेंबर २०२४ला आला. बाहेरच्या आवरणातली ज्वलनशील सामग्री आणि ती विकणाऱ्यांचा खोटेपणा यांवर त्यात पुष्कळ आहे, आणि त्याची चर्चाही झाली. त्यातलंच एक वाक्य तेवढं गाजलं नाही: कौन्सिलची त्या संस्थेवरची देखरेख दुबळी होती आणि संस्थेचं काम जोखण्याच्या निर्देशकांत अग्निसुरक्षेचा एकही निर्देशक नव्हता. म्हणजे तक्ता बघणाऱ्याला आगीबद्दल काही दिसण्याची सोयच नव्हती. तिथले रहिवासी मात्र आधीपासून आरडाओरडा करत होते.

पैशाचंही तसंच. स्लाउ, जिथं आपल्याकडची खूप माणसं राहतात, त्या कौन्सिलला जुलै २०२१मध्ये ‘सेक्शन ११४’ची नोटीस काढावी लागली. जमाखर्चाचा मेळ बसत नाही, आता अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद, असं सांगणारी ती नोटीस. थरॉक कौन्सिलनं तीच डिसेंबर २०२२मध्ये काढली. तिथं कौन्सिलनं प्रचंड कर्ज काढून सौरऊर्जेच्या धंद्यात पैसे गुंतवले होते आणि निवडून आलेल्या बहुतेक सदस्यांना त्याचा नीट तपशील नव्हता. असं झालं की लायब्ररी, ज्येष्ठांची मदत, मुलांची केंद्रं यांच्यावर कात्री येते आणि करदात्याचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, वाढतो.

प्रश्न विचारले का जात नाहीत? मोठं कारण पक्ष. कायद्यानुसार समित्यांत पक्षांचं बळ सभागृहातल्या बळाच्या प्रमाणात असतं. म्हणजे सत्ताधाऱ्यांचं बहुमत समितीतही. ज्याला प्रश्न विचारायचा तो मंत्रिमंडळातला माणूस आपल्याच पक्षाचा, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारची खुर्ची आपल्याला हवी असते. स्क्रुटिनीत पक्षादेश चालू नये असं सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आदेश लेखी निघतही नाही. नजर पुरते. दुसरं कारण साधं आहे. कौन्सिलरला पगार नसतो, भत्ता असतो. दिवसा नोकरी, रात्री दोनशे पानांचा अजेंडा. त्यातल्या एकशे साठाव्या पानावरचं परिशिष्ट वाचणारा माणूस सोन्याच्या मोलाचा.

रहिवाशांच्या कल्याणाचं उरलेलं काम थोडक्यात सांगतो, कारण ते गावोगावी बदलतं. २०१३पासून कमी उत्पन्नाच्या, कामाच्या वयाच्या लोकांना कौन्सिल टॅक्समध्ये किती सूट द्यायची, हे प्रत्येक कौन्सिल स्वतः ठरवते. म्हणून नदीच्या या काठाला एक हिशेब आणि त्या काठाला दुसरा. ही योजना बदलायची असली की जनतेचं मत मागवावं लागतं, आणि ती सूचना कौन्सिलच्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात लटकत असते. कौन्सिलरनं ती वॉर्डात पोचवली नाही, तर कुणाला पत्ता लागत नाही.

आपल्या व्हिसावाल्या मंडळींसाठी एक खबरदारी. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ ही अट असेल तर कौन्सिलचं घर आणि उत्पन्नावर मिळणारी ही सूट दोन्ही तुमच्यासाठी नाहीत. भोळेपणानं अर्ज केला तर व्हिसा अडचणीत येऊ शकतो. पण घरात एकच प्रौढ राहत असेल तर मिळणारी २५ टक्के सवलत या अटीत येत नाही, ती मागायला हरकत नाही. खाजगी भाड्याच्या घरातली बुरशी तपासायला कौन्सिलचा माणूस बोलावणं, हाही ‘लाभ’ नव्हे. एकाच घरात वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं स्वयंपाकघर-न्हाणीघर वाटून राहत असतील, तर मालकाकडे परवाना हवा. नव्यानं आलेली पोरं अशाच घरात राहतात आणि परवान्याचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं.

स्क्रुटिनी समितीची बैठक उघडी असते. विषयपत्रिका आणि कागद कामकाजाचे पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करावे लागतात. आत जाऊन बसायला मतदार असण्याचीही गरज नाही, आणि २०१४च्या नियमांपासून मोबाइलवर चित्रीकरण करायलाही मुभा आहे. काही ठिकाणी आधी कळवलं तर नागरिकाला स्वतः प्रश्न मांडता येतो. पाहुण्यांच्या खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात. आपली ती बाई धाकट्याला शेजारणीकडे ठेवून मागच्या रांगेत येऊन बसली, तर हाउसिंगच्या अधिकाऱ्याला पंच्याण्णव टक्क्यांचा तक्ता तिच्यासमोर वाचून दाखवावा लागेल.